टाकं बघितलंत का?

११ जुलै २०२५ला पॅरिसहून बातमी आली आणि महाराष्ट्रातले अकरा व तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पेढे वाटले, फटाके वाजले, ते योग्यच झालं. तेव्हापासून शनिवार-रविवारी गडांच्या पायथ्याशी गाड्यांची गर्दी वाढली, त्याचंही मला वाईट वाटत नाही. माणसं घराबाहेर पडतायत, मुलाबाळांना घेऊन डोंगर चढतायत, ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती वर पोहोचल्यानंतरच्या दोन तासांबद्दल. दरवाजात फोटो, बुरुजावर फोटो, एक घोषणा, पिठलं-भाकरी आणि उतरायला सुरुवात. उतरून आलेल्या कुणालाही पायथ्याशी थांबवा आणि विचारा, की वर शेकडो माणसं बारा महिने राहायची, ती प्यायची काय? बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसतं, की हा प्रश्न आपल्याला पडायला हवा होता हेच त्यांना आत्ता कळतंय.

म्हणून आज एकच सांगायचं आहे. गडावर गेलात की पहिल्यांदा पाणी बघा. तोफ, तट, राजवाड्याचं जोतं हे सगळं नंतर. आधी टाकं शोधा, तळं शोधा, विहीर शोधा, आणि तिथे अर्धा तास बसा.

हे माझ्या मनचं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. शिवाजी महाराजांचा कारभार जवळून पाहिलेला हा माणूस. राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात अडकले होते तेव्हा इकडे महाराष्ट्रातलं राज्य तगवून धरणाऱ्यांतला एक. वेढा म्हणजे काय हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी दुर्गांबद्दल लिहिताना घालून दिलेला क्रम बघा. किल्ला बांधायचा तर आधी पाणी आहे का ते पाहा. पाणी नाही, पण जागा मोक्याची आहे आणि सोडता येत नाही, तर खडक फोडून तळी आणि टाकी आधी बांधा, पुढच्या पावसापर्यंत सगळ्या गडाला पुरतील एवढी. गडावर झरा आहे, भागतंय, म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्यांनी झरे आटतात. त्यासाठी राखीव पाण्याची दोन-चार टाकी वेगळी ठेवा आणि त्यातलं पाणी एरवी खर्चू देऊ नका.

ही वाक्यं वाचल्यापासून मला गडाकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. इतक्या व्यवहारी, इतक्या पोक्त बुद्धीनं इथे राज्य चालवलं गेलं, आणि आपण त्या बुद्धीचा पुरावा ओलांडून बुरुजाकडे पळतो. टाकं वाटेतच असतं. लोक त्यात डोकावतात, ‘शी, किती हिरवं पाणी’ म्हणतात आणि पुढे जातात.

रायगडाचं बघा. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढून किंवा रोपवेनं आपण वर येतो आणि तडक सदरेकडे निघतो. रायगड उभा केला हिरोजी इंदुलकरांनी. जगदीश्वराच्या देवळात भिंतीवर त्या कामाचा संस्कृत शिलालेख आहे. त्यापेक्षा पायरीवरची हिरोजींच्या नावाची ओळ जास्त लोकप्रिय आहे आणि तिचे फोटो सगळे काढतात. मोठा लेख मात्र कुणी उभं राहून वाचत नाही. त्यात रायगडावर काय काय उभारलं याची यादी येते. यादीची सुरुवात वापी, कूप आणि तडाग यांनी होते, म्हणजे बारव, विहिरी आणि तळी. बागा, खांब, हत्तीशाळा, राजवाडे हे सगळं त्यानंतर. श्लोकाच्या छंदात हे शब्द सहज बसले असतील असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यानं गंगासागर खोदवला, हत्ती तलावाची भिंत घातली, कुशावर्त बांधून काढला, त्याच्या कामाच्या यादीत पाणी पहिलं असणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

त्या हत्ती तलावाची भिंत कैक वर्षं गळत होती. पावसाळ्यात भरायचा आणि रिकामा व्हायचा. अलीकडे ती गळती शोधून बुजवली आणि तलावात पुन्हा पाणी उभं राहिलं. संवर्धन म्हणतात ते हे. रायगडावर गेल्या काही वर्षांत झालेलं सगळ्यात मोलाचं काम कुठलं असं मला विचाराल, तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवीन.

आता टाकं म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण इथेच खरी मजा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झालेला आहे. काही थर सलग आणि घट्ट, काही सच्छिद्र, काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा. टाकं खोदायचं तर घट्ट थर हवा, नाहीतर पाणी झिरपून जाईल. आणि वरून किंवा बाजूनं पाझर येणारी एखादी भेग मिळाली तर सोन्याहून पिवळं. ही पारख करणाऱ्या पाथरवटाकडे यंत्र नव्हतं. त्यानं उन्हाळ्यात कातळावरचा ओलावा पाहिला असेल, कुठे शेवाळ टिकतं, कुठे उंबर उगवतो ते पाहिलं असेल आणि मग छिन्नी लावली असेल. काठावर बसून आतली भिंत बघा. तिरप्या ओळी दिसतात, एकीखाली एक, जवळजवळ सारख्या अंतरावर. ते छिन्नीचे घाव. एका माणसाचा हात कुठे थांबला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे कधीकधी घावांच्या तिरकेपणावरून ओळखू येतं.

काही टाक्यांचं तोंड लहान असतं आणि आतली पोकळी मोठी. छत तोलायला मूळ कातळातलेच खांब सोडलेले असतात, अशा टाक्यांना खांबटाकी म्हणतात. वर दगडाचंच छत असल्यानं ऊन थेट पाण्यावर पडत नाही, वाफ कमी होते, पाणी गार राहतं, शेवाळ कमी धरतं. उघड्या टाक्यांच्या काठावर गोल खळगे दिसतील. तिथे लाकडी खांब रोवून वर मांडव किंवा छप्पर घालत असावेत. वरच्या उतारावरून पाणी आत आणणारा हातभर रुंद पन्हळ कातळात कोरलेली असते. काही ठिकाणी टाकी एकाखाली एक खोदलेली आहेत. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात नितळ पाणी उतरतं. आणि टाक्यातून निघालेला दगड? तो तटाला, जोत्याला लागला. खड्डाही कामाचा, दगडही कामाचा. आसपास कातळावर चौकोनी भोकांची सरळ रांग दिसली तर ती पाचरी ठोकून दगड फोडण्यासाठी केलेली आहे. रांग आहे आणि दगड जागेवरच आहे, म्हणजे ते काम अर्धवट राहिलं. का राहिलं, हा प्रश्न घेऊन खाली उतरलात तर दिवस सार्थकी लागला.

मुलं सोबत असतील तर त्यांच्या हातात दोरी द्या आणि काठावरूनच टाक्याची लांबी-रुंदी मोजायला सांगा. समजा टाकं सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल आहे. ७२ घनमीटर झाले, म्हणजे ७२ हजार लिटर. पाऊस संपल्यापासून पुढचा येईपर्यंत आठ महिने, २४० दिवस. दिवसाला ३०० लिटर. माणशी प्यायला आणि स्वयंपाकाला पाच लिटर धरले तर साठ माणसं. उन्हानं उडून जाणारं पाणी वजा करा, माणसं आणखी कमी होतील. मग गडावरची सगळी टाकी मोजा. किती शिबंदी इथे राहू शकत होती याचा अंदाज पाचवी-सहावीतलं पोर स्वतः काढू शकतं. सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्या मुलांना मी हा हिशेब करताना पाहिलं आहे. ती हटत नाहीत तिथून. घोड्यांना किती लागत असेल हा प्रश्न त्यांच्यातूनच येतो.

पन्हाळ्याला गेल्यावर तर हा हिशेब करायलाच हवा. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि जुलैच्या पावसात महाराज निसटून विशाळगडाकडे गेले. ती रात्र, ती खिंड, बाजीप्रभू हे आपल्याला पाळण्यापासून माहीत आहे आणि असायलाच हवं. पण त्या रात्रीच्या आधी चार महिने गेले होते, तेही चैत्र-वैशाखाचे. खाली दोर आवळलेला, वर हजारो माणसं. ती चार महिने तगली नसती तर ती रात्र आलीच नसती. पन्हाळ्यावर सोमाळे तळं आहे, सादोबा तळं आहे, आणि अंधारबाव आहे. आदिलशाही काळात बांधलेली ही तीन मजली इमारत बाहेरून बघणाऱ्याला साधी वाटते. तळाशी विहीर, मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी वाट, वर पहाऱ्याची जागा. पाण्यात शत्रूनं विष कालवू नये म्हणून विहिरीलाच इमारत घातली. पाण्याला पहारा! गडावर आणखी कुठल्या गोष्टीची एवढी काळजी घेतली होती ते शोधायला निघा. धान्याची कोठारं आणि दारूगोळा, यांच्यापलीकडे फार नावं सापडणार नाहीत.

सिंधुदुर्गाला होडीतून जाताना लोक तटाची लांबी विचारतात. विचारावी. नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली, आणि चहूकडून खारं पाणी असलेल्या त्या खडकावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. लहान बेटांवर पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून मुरतं आणि हलकं असल्यामुळे आतल्या खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं. उपसा बेतानं केला तर ते टिकतं, हावरटपणानं केला तर खालचं खारं वर येतं. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुठल्याही माणसाला विहिरीची ही सवय माहीत असते. बेट निवडणाऱ्यांनी कोळ्यांना, भंडाऱ्यांना विचारल्याशिवाय ते निवडलं असेल असं मला वाटत नाही. याला पुरावा नाही. पण गोडं पाणी कुठे लागतं हे किनाऱ्यावरच्या माणसांइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि हे ज्ञान किल्ल्यांपासून सुरू झालेलं नाही. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. बहुतेकांच्या दाराशी टाकं आहे. डोंगरभर कोरलेल्या पन्हळींतून पाणी आत येतं. तिथल्या शिलालेखांमध्ये मोठाल्या चैत्यांच्या दानाबरोबर नुसत्या पाण्याच्या टाक्याचं दान दिल्याचे लेख आहेत. कल्याणच्या एका सोनारानं दिलेलं टाकं त्यात आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा कल्याणचा सोनार आपली कमाई डोंगरातल्या भिक्षूंच्या पाण्यासाठी खर्च करतो आणि तसं दगडात लिहून ठेवतो. मुंबईतला माणूस लोकलनं बोरिवलीला उतरून तासाभरात त्या टाक्याशी उभा राहू शकतो. रविवारी तिथे गर्दीही असते. टाक्यावरच्या लेखाकडे मात्र पाठ करून लोक डबे खात असतात.

नाणेघाटातही हेच. सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, ब्राह्मी लिपीतला लेख बघायला जाणारे पुष्कळ आहेत. त्यात यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे, जुने अंक कोरलेले आहेत. तो मोठा ठेवा आहे, वादच नाही. पण कोकणातून माल घेऊन चढून आलेला बैल आणि त्याच्यामागचा घामाघूम माणूस घाटमाथ्यावर पहिल्यांदा कुठे वळत असेल? वाटेच्या कडेला कोरलेल्या टाक्यांकडे. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला जाणारा व्यापार त्या टाक्यांच्या जिवावर चालला. राणीचा लेख लेण्याच्या आत राहिला, टाकी उघड्यावर राहिली, आणि आजही घाट चढून आलेला माणूस आधी त्यांच्यापाशीच बसतो.

जुन्नरजवळचा शिवनेरी मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. त्या एकाच डोंगराच्या पोटात सातवाहनकाळातली बौद्ध लेणी आहेत, त्यांची टाकी आहेत. माथ्यावर गंगा-जमुना नावाची टाकी आहेत, बदामी तलाव आहे. कमानी मशीद आहे आणि तिच्या खाली पाण्याचं टाकं आहे. आणि याच गडावर १६३० मध्ये शिवाजी महाराज जन्मले. भिक्षू, सुलतानाचे किल्लेदार, जिजाऊंचा परिवार, मराठ्यांची शिबंदी, सगळे या कातळातलं पाणी प्यायले, आणि आधीच्यांनी खोदलेलं पुढच्यांनी वापरलं, राखलं, त्यात भर घातली. वारशातून आपल्याला नकोसा भाग खरवडून काढू पाहणाऱ्यांनी शिवनेरीची टाकी क्रमानं बघावीत आणि कुठलं बुजवायचं ते सांगावं. त्यांचं धाडस होणार नाही, कारण एक बुजवलं की दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

गडावरच्या पाण्याबद्दल पुस्तकांपेक्षा जास्त मला गडावरच्या माणसांनी शिकवलं. एका गडाच्या माथ्यावर ताक विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांना सहज विचारलं, “मावशी, ताकाला पाणी कुठलं घालता?”

“त्या पलीकडच्या टाक्यातलं. ह्या जवळच्यात आता लोक पाय धुत्यात, ते सोडलं आम्ही.”

“मे महिन्यात असतं का त्यात?”

“असतंय की दादा. जून लागेस्तोवर पुरतंय. ह्ये वरचं आटतंय शिमग्याच्या म्होरं, पर ते न्हाई आटत. सासूबाईंनी दावलंय मला, कुठलं प्यायचं अन् कुठलं गुरांना.”

बघा, काय काय आहे या चार वाक्यांत. कुठलं टाकं कधी आटतं, कुठलं कशासाठी, आणि हे ज्ञान कुणी कुणाला दिलं. वाडीतल्या सासूकडून सुनेकडे आलेली ही माहिती कुठल्याही फलकावर नाही. त्या बाईला कुणी ‘गाईड’ म्हणून विचारलेलं नाही. आपण तिच्याकडून वीस रुपयांचं ताक घेतो आणि इतिहास मात्र मोबाइलवरच्या माणसाकडून ऐकतो, जो गडावर एकदा येऊन चित्रीकरण करून गेलेला असतो. हे उलटं आहे. गडावरच्या वाड्या-वस्त्यांतल्या बायकांना, गुराख्यांना मानधन देऊन, शिकवून वाटाडे केलं पाहिजे. त्यांना इतिहासाची साखळी सांगा, ते तुम्हाला डोंगर सांगतील.

आणि मावशींच्या त्या पहिल्या उत्तराचं काय? ‘जवळच्यात लोक पाय धुत्यात.’ म्हणजे तीनशे-चारशे वर्षं प्यायचं असलेलं टाकं आपल्या पिढीनं, या काही वर्षांत, प्यायच्या लायकीचं ठेवलं नाही. बाटल्या टाकतात. गुटख्याच्या पुड्या टाकतात. नवस नसताना नाणी टाकतात. साबण लावून आंघोळ करतात. पोहायला उड्या मारतात. काठ गुळगुळीत, आत गाळ, बाहेर यायला पायरी नाही, आणि त्यात जीव जातात. दरवर्षी जातात. पोहता येणाऱ्यांचेही जातात. टाकं पोहण्यासाठी नाही, हे सांगायला घरातल्या मोठ्यांनी लाजू नये.

कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्यात २०१०ला झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गडाच्या दारातल्या निळ्या पाटीवर शिक्षेची ताकीद असते. माझं म्हणणं असं, की त्या पाटीवर शिक्षा आहे आणि गोष्ट नाही. हे स्मारक संरक्षित आहे एवढं कळतं. ते का संरक्षित आहे, समोरच्या या खड्ड्यात काय मोलाचं आहे, हे कळत नाही. मोल कळलेल्या माणसाला शिक्षेची भीती घालावी लागत नाही. मोल न कळलेला माणूस शिक्षेची पाटी वाचून तिच्यावरच नाव कोरतो.

टाक्याशेजारी लहानसा फलक हवा. कधीचं, किती खोल, किती पाणी मावतं, कुठून येतं, आता पितात की नाही. पाच ओळी मराठीत, त्याच इंग्रजीत. आणि गडाच्या दारात पाण्याचा एक नकाशा, सगळी टाकी, तळी, विहिरी दाखवणारा. बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याकडे. या चार गडांपासून सुरुवात करायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. साल्हेरचा गंगासागर, राजगडाच्या पद्मावती माचीवरचं तळं आणि बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं यांच्यापासून करा. वारशाच्या यादीत नाव गेल्यानं गर्दी वाढते, ही सगळ्या जगाची रीत आहे. वाढलेली गर्दी प्यायला, धुवायला, शौचाला पाणी मागणार. ते वर नेणार कसं, टाक्यांवर भार पडू न देता भागवणार कसं, याचा आराखडा पायऱ्यांना फरशी बसवण्याआधी व्हायला हवा. पायऱ्यांना फरशी बसवून गड समजत नाही. उलट जुन्या पायऱ्या हरवतात.

चांगली माणसं आहेत, हेही लिहायला हवं. सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन गडावर जाणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी पोरं गावोगाव आहेत. त्यांच्यामुळे कित्येक टाकी पुन्हा भरू लागली. त्यांना हात जोडून एक विनंती: गाळ घाईनं कड्यावरून ढकलू नका. त्या गाळात खापरं असतात, नाणी असतात, तोफगोळे असतात, जळक्या लाकडाचे तुकडे असतात. कुठल्या थरात काय मिळालं यावरूनच गडाचा काळ कळतो, आणि एकदा ढकललेला गाळ पुन्हा थर लावून रचता येत नाही. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खोदकाम करताही येत नाही. पुरातत्त्व शिकलेला एक माणूस सोबत घ्या, गाळ चाळा, नोंद ठेवा. काम हळू होईल. हळूच होऊ दे. आणि भेगा सिमेंटनं बुजवू नका. सिमेंट कातळाशी जुळत नाही. काही वर्षांत कडा सुटतात आणि पाणी दुसरीच वाट धरतं. जुन्या कामात चुना होता, दुरुस्तीतही चुनाच हवा.

ज्यांना चढवत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, त्यांच्या परिवारातल्या वीरूबाईंनी ती बांधवली. जिना उतरून आत गेलं की विहिरीतच छोटासा महाल आहे आणि वर बारा मोटा एकाच वेळी चालतील अशी सोय. मोटा बांधायच्या जागी दगडावर दोरांनी पडलेल्या खाचा हातानं चाचपून बघा. नळदुर्गला बोरी नदीवरचा बांध आहे, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला. बांधाच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. आजी-आजोबांना घेऊन जाण्यासारख्या या जागा आहेत. मोटेवर बसून गाणं म्हटलेला किंवा म्हणताना ऐकलेला एखादा म्हातारा तुमच्यासोबत असेल, तर लिंबला त्याला बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा. असे म्हातारे आता थोडे उरलेत.

कधी जावं, असं बरेच जण विचारतात. सगळे श्रावणात जातात, कारण हिरवं असतं, धबधबे असतात, रील चांगली होते. पावसाळ्यात गडावरचं प्रत्येक टाकं तुडुंब असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. एकदा एप्रिलच्या शेवटी जा. पहाटे निघा, उन्हं वर येण्याआधी माथ्यावर पोहोचा. मग टाकी एकेक करून बघत फिरा. हे कोरडं, हे कोरडं, यात वीतभर, यात चिखल, आणि कुठेतरी कड्याच्या पोटात, दक्षिणेचं ऊन न लागणाऱ्या जागी, एखादं अजून कमरेएवढं भरलेलं. ते कुणी निवडलं, का तिथेच खोदलं, हे त्या दिवशी समजतं. त्याच्या आसपास जोती बघा, वाटा बघा, पहाऱ्याची जागा बघा. गडाची सगळी मांडणी त्या एका टाक्याभोवती उलगडायला लागते. राजवाडा तिथेच का, वस्ती इथेच का, चोरदिंडी या बाजूलाच का.

आणि जाताना स्वतःचं प्यायचं पाणी खालूनच न्या, माणशी तीन लिटर तरी, आणि रिकाम्या बाटल्या परत खाली आणा. वरचं ते एक टाकं वाडीतल्या माणसांना आणि गुरांना मृगाच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं.